बाने पाहिलेली वानरं

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच आहे. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. मराठी मला शाळेत भेटली, आणि तिच्याशी मी अजूनही पाहुण्यासारखाच जपून वागतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्यातल्या दोघांना वाचता येत नाही. त्यांच्या मागे त्यांच्याबद्दल लिहिणं बरोबर की चूक, हे मला ठरवता आलं नाही. तरी लिहितो, कारण यात एक खोटं माझंही आहे आणि ते दुसरं कोणी सांगणार नाही. घरचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिलं आहे, म्हणजे तांड्याबाहेरच्यांनाही कळेल.

आमचा तांडा मारेगाव आणि पांढरकवड्याच्या मधे, डांबरी रस्त्यापासून थोडा आत आहे. दोन वर्षांपासून काळतोंडी वानरांची एक टोळी तिथे राहायला आली होती. मोजून अकरा. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, काही सोडायची नाहीत. छपरावरून उड्या मारून कवेलू फोडायची. सगळा तांडा त्यांच्यामागे काठ्या घेऊन धावायचा. एकटी माझी आई, म्हणजे आमच्या भाषेत याडी, धावायची नाही. ती गोठ्यामागे उरलेली भाकर टाकायची. जिभेने टकटक आवाज करायची, की सगळी खाली उतरायची. मोठी वानरीण तर तिच्या हातातून भाकर घ्यायची, आणि अशी घ्यायची की नखसुद्धा लागू नये.

"तू पोसते म्हणून जात नाईत ते," वडील म्हणायचे. त्यांना आम्ही बा म्हणतो.

"मी नाई पोसलं तर तुह्या तुरीवर पोसतीन," याडी म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात नायकाने बैठक बोलावली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या ओट्यावर ठरलं की ठरलं. बाहेरगावचा एक वानर पकडणारा बोलवायचा, त्याने पिंजरा लावायचा आणि पकडलेली वानरं लांब, पांढरकवड्यापलीकडच्या जंगलात नेऊन सोडायची, असं ठरलं. यासाठी वनखात्याची परवानगी लागते हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही. बैठकीत शिकलेला मी एकटाच होतो आणि सगळ्यांत लहानही होतो.

गाडीसोबत तांड्याचा एक माणूस पाठवायचा ठरला. आमच्यात अशी पद्धत आहे की तांड्याच्या कामाला गेलेला माणूस परत आला की आधी घरी जात नाही. नायकाच्या ओट्यासमोर चप्पल काढून उभा राहतो आणि काय पाहिलं ते सांगतो. त्यानंतर त्याला कोणी पुन्हा विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. या कामाला नायकाने बाला निवडलं.

पिंजरा दोन दिवस रिकामाच राहिला. आत केळी होती, फुटाणे होते. वानरं कडुनिंबावर बसून पिंजरा पाहत होती आणि पकडणारा माणूस वानरं पाहत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बा चुलीजवळ येऊन उभे राहिले.

"तुह्या हातची भाकर ठेव आत. तुह्या आवाजानं येतीन."

"मी नाई."

"मंग तो पकडणारा फासे लावून राह्यला. फाशात पाय तुटते."

याडीने तवा खाली उतरवला. "जंगलातच सोडशीन ना?"

"म्या सोता जातो संग. डोळ्यानं पाहूनच येतो."

मी संक्रांतीच्या सुट्टीत घरीच होतो. याडीने पिंजऱ्यात भाकर कुस्करून टाकली, बाहेर येऊन बसली आणि टकटक केलं. ती आली. आधी मोठी वानरीण, मागून सगळी. दोरी ओढली, दार पडलं. आतून जो आवाज उठला तो ऐकून याडीने दोन्ही कान दाबून धरले, पण ती जागेवरून उठली नाही. पांढरी पिकअप नऊच्या सुमारास निघाली. बा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते.

त्या जंगलात जाऊन यायला अर्धा दिवस सहज जातो. बा दुपारच्या जेवणाआधी परत आले, तेही पायी, रस्त्याकडून. नायकाच्या ओट्यासमोर उभे राहून म्हणाले, "जंगलात सोडले. म्या डोळ्यानं पाह्यलं." नायकाने मान हलवली. विषय संपला.

विषय आमच्या घरात संपला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बाच्या सदऱ्याच्या खिशात एसटीचं तिकीट सापडलं. ती बारावीला आहे आणि तिच्या हातून काही सुटत नाही. तिकिटावर हायवेवरच्या फाट्याचं नाव होतं आणि वेळ होती दहा वाजून काही मिनिटं. फाट्यापासून जंगल अजून बरंच पुढे आहे.

"भिया, गाडी काय उडत गेलती का?" ती मला म्हणाली. भिया म्हणजे भाऊ.

आम्ही ते तिकीट तिच्या रसायनशास्त्राच्या वहीत ठेवलं आणि कोणाला दाखवलं नाही. याडीला तसंही ते वाचता आलं नसतं. पण बा आले तेव्हा गोठ्याची सावली कुठे होती ते तिने पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती बाशी थेट बोलेनाशी झाली. एकाच खोलीत बसून ती बहिणीला सांगायची, "तुह्या बाले सांग, पाणी तापलं." बा म्हणायचे, "तुह्या याडीले सांग, ऐकू आलं." एरवी आम्ही हसलो असतो.

तिचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते तिने मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजला परत निघालो तेव्हा. "ते माह्या आवाजानं आत गेलते, बेटा. त्याइले मारलं असंल, कोणाले इकलं असंल, तर ते माह्या हातानं झालं."

तांड्यात ती हे बोलू शकत नव्हती. तांड्यात बोलणं म्हणजे नवऱ्याला नायकासमोर खोटं पाडणं.

होळीच्या आधी एका शुक्रवारी होस्टेलवर बाचा फोन आला. "रविवारी ये. आपण सारे जंगलात जाऊ. वांदरं पाहाले."

मला संशय आला तो तिथेच. बा आम्हाला कधी कुठे फिरायला घेऊन गेले नव्हते. आमच्या घरी फिरायला जाणं म्हणजे लग्नाला जाणं किंवा दवाखान्यात जाणं. आणि ज्या वानरांवर बाने दोन वर्षं गोफण चालवली, ती पाहायला ते चौघांसाठी ऑटो करणार होते.

"याडी म्हणाली का?" मी विचारलं.

"ते कायले म्हणते? मीच म्हणलं," बा म्हणाले, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी निघालो. याडीने फडक्यात भाकरी बांधल्या होत्या, चौघांना पुरून उरतील इतक्या. ऑटोवाला तांड्यातलाच होता.

"लोक जंगलात वाघ पाहाले जाते," तो बाला म्हणाला. "तुमी वांदरं पाहाले चालले? काय लेका, घरी आरसा नव्हता का?"

बा हसले. जरा जास्तच हसले. याडी बाहेर पाहत होती.

पांढरकवडा सोडल्यावर बाने ऑटो दोनदा थांबवली. एकदा पानासाठी आणि एकदा फोन करायला. फोन करताना ते रस्त्याच्या पलीकडे गेले. बहिणीने मला कोपर मारलं. मी पाहिलं तर याडीही तिकडेच पाहत होती.

अभयारण्याच्या फाटकातून आत, पर्यटकांच्या जिप्सीतून जाणं आमच्यासाठी नव्हतं. आम्ही जंगलाच्या कडेच्या एका पोडावर उतरलो. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. तिथे एक म्हातारे बुवा आमची वाट पाहत चहाच्या टपरीवर बसले होते. बाची आणि त्यांची ओळख बैलबाजारातली. बाने त्यांना जरा बाजूला नेलं. दोघं पाठमोरे उभे होते. बा बोलत होते आणि म्हातारे मान हलवत होते. परत आल्यावर म्हाताऱ्यांनी, कोणी काही विचारलेलं नसताना, मोठ्याने सांगितलं, "महिन्याखाली एक टोळी नवी आली बापा इकडं. गाडीनं कोणी आणून सोडली म्हणते."

शाळेत तपासणीला साहेब आले की आमचा एक मुलगा पाठ केलेलं उत्तर प्रश्नाच्या आधीच सांगून टाकायचा. मला त्याची आठवण झाली.

"कोणत्या रंगाची गाडी?" याडीने विचारलं.

म्हाताऱ्यांनी बाकडे पाहिलं. "रंग... रंग म्या नाई पाह्यला, बाई."

"पांढरी," बा म्हणाले. "पांढरीच होती ना."

याडी बहिणीकडे वळली. "तुह्या बाले सांग, मी त्याले नाई विचारलं."

म्हातारे पुढे, मागे बा, मग आम्ही, असे पायवाटेने निघालो. सागाची पानं गळून खाली जाड थर झाला होता. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. म्हाताऱ्यांनी सांगितलं की वाघ या बाजूला सहसा येत नाही. बहिणीने विचारलं, सहसा म्हणजे किती? ते म्हणाले, परवा आला होता. त्यानंतर ती माझी बाही धरून चालली. खरं सांगायचं तर मला वाघाची भीती वाटत नव्हती. मी बाची पाठ पाहत होतो. ते एखाद्या ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखे चालत होते, पण वाट फुटली की थांबून म्हाताऱ्यांकडे पाहायचे. महिन्याभरापूर्वी इथे येऊन गेलेला माणूस प्रत्येक फाट्याला थांबेल का? मग वाटायचं, थांबेलही. जंगल सगळीकडे सारखंच दिसतं. मी स्वतःच्या बापाची उलटतपासणी करतो आहे याची मला लाज वाटत होती, आणि ती थांबवताही येत नव्हती.

नाल्याच्या काठावर मोहाची मोठी झाडं होती. तिथे ती दिसली. लांब शेपट्या खाली सोडून बसलेली, काही खाली फुलं वेचणारी. ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं. एरवी मला ते दृश्य फार आवडलं असतं.

"हे पाय," बा म्हणाले. "हे आपलेच."

"हे तर वीसक हायेत," याडी म्हणाली. बोलली मात्र बहिणीकडे पाहून.

"इथल्यात मिसळले. वांदरं का आधार कार्ड घेऊन फिरते?"

आम्ही दहा पावलं पुढे गेलो असू. एका मोठ्या नराने खक्-खक् असा आवाज काढला आणि खालची सगळी एका झपाट्यात वर गेली. आमची वानरं आम्हाला पाहून कधी वर गेली नव्हती. ती आमच्या ताटाकडे यायची.

याडीने हाताने आम्हाला थांबवलं. ती एकटी पुढे गेली. एका दगडावर भाकर ठेवली, बाजूला होऊन जमिनीवर बसली आणि जिभेने टकटक केलं. एकदा, मग पुन्हा. झाडावरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली, पण तो आवाज ओळखल्यासारखं एकही हललं नाही. बऱ्याच वेळाने एक अर्धवट वयाचं वानर खाली उतरलं. त्याने भाकरीचा तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, हुंगला, दाताने जरासा तोडला आणि थुंकून टाकला. मग तुकडा तिथेच सोडून ते मोहाची फुलं वेचायला गेलं.

त्याला भाकर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

मी बाकडे पाहिलं. ते डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधत होते. तो आधीच नीट बांधलेला होता. म्हातारे तंबाखू मळत जमिनीकडे पाहत होते.

याडी उठली आणि सरळ माझ्याकडे आली.

"बेटा, तू शिकेल हायेस," ती म्हणाली. "मले समजत नाई. तूच सांग. हे आपले हायेत का?"

या एका प्रश्नावर तिची झोप अडकली होती हे मला माहीत होतं. वहीतलं तिकीट मला माहीत होतं. आता बाही माझ्याकडे पाहत होते. त्यांनी डोळ्यांनी काही खुणावलं नाही, मान हलवली नाही. नुसते पाहत होते. मला त्यांनी लहानपणापासून अनेकदा पाहिलं असेल, पण माझ्याकडून काही हवं आहे असं पाहणं पहिल्यांदाच.

मी म्हणालो, "हाव याडी. आपलेच हायेत. जंगलात गेलं की जनावराची सवय महिन्यात मोडते. आमाले कॉलेजात शिकवलं हे."

असं मला कोणी कधीही शिकवलेलं नाही.

"असं शिकवते का?" याडी म्हणाली. तिने दगडावरची भाकर उचलली, मुंग्या झटकल्या आणि फडक्यात बांधली. "चाला मंग."

परतताना ऑटोत बाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. मला तो हात बरा वाटला, हेही लिहायला हवं.

होस्टेलवर परत आलो. याडी रोज सकाळी बहिणीच्या फोनवरून बोलायची. आधी ती फक्त जेवलास का एवढंच विचारायची. आता ती नवीन प्रश्न विचारू लागली. "आज काय शिकवलं कॉलेजात?" मी सांगायचो, पेशींबद्दल शिकवलं, आम्लांबद्दल शिकवलं. ती ऐकून घ्यायची. "खरं शिकवलं ना?" असंही एकदा म्हणाली आणि लगेच, कपाशीच्या पऱ्हाट्या काढणं चालू आहे, असं सांगू लागली. तो टोमणा होता की काळजी, मला आजही नक्की सांगता येत नाही. एका रात्रीत दहा वेळा ठरवायचो की उद्या खरं सांगू. सकाळी फोन वाजला की वाटायचं, खरं तरी काय सांगू? वानरं कुठे गेली ते मलाही माहीत नव्हतं. मला फक्त हे माहीत होतं की ती कुठे नव्हती. बहिणीला विचारलं की ती म्हणायची, "घरी सगळं ठीक हाय," आणि ते ती अशा आवाजात म्हणायची की काहीच ठीक नसावं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. मंगळवारी दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर बहिणीचे सहा मिस्ड कॉल होते. मी तिथेच जिन्यात बसून फोन लावला.

तिने सांगितलं ते असं. सकाळी डोंगरापलीकडच्या तांड्यातली चार माणसं आमच्या नायकाकडे भांडायला आली. त्यांच्याकडे हिवाळ्यापासून एक टोळी शिरली होती. साधी वानरं नव्हती ती. घरात येऊन चुलीजवळ बसायची, काठी उगारली तर पळायच्या ऐवजी हात पुढे करायची. ती तिथल्या तलावाजवळ कोणी आणून सोडली ते पिकअपच्या ड्रायव्हरच्याच तोंडून फुटलं होतं.

नायक त्यांना म्हणाला, "आमच्या माणसानं डोळ्यानं पाह्यलं. जंगलात सोडले." आणि त्याने बाला बोलावणं पाठवलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग बा गेले. याडी पण मागंमागं गेली. मी पण. बानं चप्पल काढली, आन् म्हणले, म्या नाई पाह्यलं."

फाट्यावर पकडणाऱ्याने गाडी थांबवली होती, असं बाने सांगितलं. पुढे वनखात्याचा नाका आहे, तिथे सगळ्यांची नावं लिहून घेतात, केस होते, तुम्ही उतरा, आम्ही आडवाटेने नेऊन सोडतो, असं तो म्हणाला होता. बा उतरले. पोरगा कॉलेजात आहे, उद्या नोकरीचा फॉर्म भरताना बापाचं नाव केसमध्ये निघालं तर काय, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. म्हणून एसटीने परत आले, आणि ओट्यासमोर उभे राहिल्यावर दुसरं काही सांगता आलं नाही.

मी जिन्यात बसून होतो. मुलं माझ्या बाजूने वर-खाली जात होती.

"नायक काय म्हणला?"

"म्हणे, आता तांड्याच्या कामाले तुले नाई पाठवत. बा हाव म्हणले."

"आन् याडी?"

"याडीनं सगळ्याइसमोर बाले विचारलं. थेट. म्हणे, पोराले तूच शिकवलं का खोटं बोलाले? बा म्हणले, नाई, त्यानं माही लाज राखली. याडी म्हणे, मले तवाच समजलं होतं, तुमचं दोघाइचं."

बहीण पुढचं सांगायला लागली. त्यानंतर याडी त्या चार माणसांसोबतच निघाली. बाने मोटरसायकल काढली आणि तिला मागे बसवलं. दोघं डोंगरापलीकडे जाऊन नुकतीच परत आली होती.

"जिवंत हायेत?" मी विचारलं.

"नऊ हायेत," ती म्हणाली. "दोन नाई दिसले. बा म्हणते, झाडात असतीन. याडी म्हणते, तू नको सांगू, उद्या पुन्हा जातो अन् मीच पाहतो."